पाब्लो एस्कोबार आणि एल चापो: आरोप कोणता, निकाल कोणता

पाब्लो एस्कोबार आणि होआकिन ‘एल चापो’ गुझमान यांच्याबद्दल मराठीत जे लिहिलं जातं, त्याचा सूर बहुतेक एकच असतो. एक कोलंबियाचा, दुसरा मेक्सिकोचा. दोघेही कोकेनच्या धंद्यातले, दोघेही तुरुंगातून पळालेले, दोघांवरही मालिका निघालेल्या. त्यामुळे ‘याने इतके खून पाडले’, ‘त्याने इतका माल पाठवला’ ही वाक्यं दोघांच्याही नावापुढे सारख्याच ठामपणे येतात. कागदोपत्री मात्र दोघांची स्थिती अगदी निराळी आहे. गुझमानवर न्यायालयाचा निकाल आहे. एस्कोबारला जग ज्या गुन्ह्यांसाठी ओळखतं, त्यातल्या एकाही मोठ्या गुन्ह्याबद्दल त्याच्यावर खटला चालून शिक्षा झाली नाही.

गुझमानचं सोपं आहे. मेक्सिकोने जानेवारी 2017 मध्ये त्याला अमेरिकेच्या हवाली केलं. ब्रुकलिनच्या संघीय न्यायालयात नोव्हेंबर 2018 पासून खटला चालला आणि 12 फेब्रुवारी 2019 रोजी ज्युरीने त्याला दहाही आरोपांत दोषी धरलं. जुलैमध्ये जन्मठेप आणि वर तीस वर्षं अशी शिक्षा झाली. सरकार पक्षाने 56 साक्षीदार उभे केले आणि त्याच्या वकिलांनी त्यांची उलटतपासणी घेतली. त्यामुळे तो सिनालोआ टोळीचा म्होरक्या होता आणि त्याने अमेरिकेत कोकेन पाठवलं, हे लिहिताना ‘कथित’, ‘म्हणे’, ‘असं सांगितलं जातं’ यातलं काहीही लागत नाही.

पण हा निकाल त्या दहा आरोपांपुरताच आहे, आणि इथेच लिहिणारे घसरतात. त्याच खटल्यात जानेवारी 2019 मध्ये गुझमानच्या एका कोलंबियन साथीदाराने साक्ष दिली, की मेक्सिकोचे माजी राष्ट्राध्यक्ष एन्रिके पेन्या निएतो यांनी गुझमानकडून 10 कोटी डॉलरची लाच घेतली. पेन्या निएतो यांच्या बाजूने ते साफ नाकारण्यात आलं. ज्युरीला हा प्रश्न विचारलाच नव्हता, म्हणून तिने त्याचं उत्तरही दिलं नाही. तरी ‘न्यायालयात उघड झालं’ या शब्दांत ती गोष्ट जगभर फिरली. न्यायालयात बोललं गेलेलं आणि न्यायालयाने ठरवलेलं यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. शिवाय इथे बोलणारा माणूस आपल्याकडच्या माफीच्या साक्षीदारासारखा, स्वतःची शिक्षा कमी व्हावी म्हणून उभा राहिलेला होता.

आता एस्कोबार. 1976 मध्ये त्याला कोकेनसकट पकडलं, पण तो काही महिन्यांत सुटला आणि खटला तडीस गेलाच नाही. पुढे त्याला पकडणाऱ्या पथकातल्या दोघांचा खून झाला. 1982 मध्ये हा गृहस्थ कोलंबियाच्या प्रतिनिधिगृहात पर्यायी सदस्य म्हणून निवडून आला (म्हणजे मूळ सदस्य नसेल तेव्हा त्याच्या जागी बसणारा; त्याला सरसकट ‘खासदार’ लिहिणंही तसं सैलच). 1983 च्या ऑगस्टमध्ये ‘एल एस्पेक्तादोर’ या दैनिकाने 1976 च्या अटकेची जुनी बातमी पुन्हा छापली आणि त्याचं राजकारण तिथेच संपलं. त्या दैनिकाचे संपादक गियेर्मो कानो यांचा 17 डिसेंबर 1986 रोजी खून झाला.

1986 मध्ये मायामीच्या ग्रँड ज्युरीने एस्कोबार आणि कोलंबियातल्या मेदेयीन शहरातल्या त्याच्या साथीदारांवर आरोप निश्चित केले. अनेक लेखांत हाच कागद ‘अमेरिकेच्या न्यायालयाने दोषी ठरवलं’ असा होऊन येतो. ग्रँड ज्युरीपुढे फक्त सरकारी बाजू मांडली जाते. तिथे आरोपीचा वकील नसतो, उलटतपासणी नसते. खटला चालवण्याइतका पुरावा आहे का, एवढंच ती पाहते. एस्कोबारचं प्रत्यार्पण कधी झालं नाही, म्हणून तो खटलाही उभा राहिला नाही. 19 जून 1991 रोजी तो शरण आला, आणि त्याच दिवशी कोलंबियाच्या घटना परिषदेने प्रत्यार्पणावर बंदी घातली. एखादा गुन्हा कबूल केला की शिक्षेत सूट, असा सरकारी सौदा होता. त्याने कबूल काय केलं, तर फ्रान्सला गेलेल्या कोकेनच्या एका खेपेत केलेली मध्यस्थी! मग एन्विगादोच्या डोंगरावर, स्वतःच्याच सोयीने बांधलेल्या ‘ला कातेद्राल’ तुरुंगात तो राहिला, जुलै 1992 मध्ये तिथून निसटला आणि 2 डिसेंबर 1993 रोजी मेदेयीनमध्ये एका छपरावर मारला गेला. आरोपी मेला की त्याच्यावरचा फौजदारी खटला संपतो.

मग काटेकोर लिहायचं म्हणजे त्याच्या प्रत्येक गुन्ह्याआधी ‘कथित’ चिकटवायचं का? मला ते पटत नाही. निकाल का नाही, हेही लिहायला हवं. कायदामंत्री रोद्रिगो लारा बोनिया यांचा 30 एप्रिल 1984 रोजी खून झाला. त्या खुनाचा तपास करून एस्कोबारवर आरोप ठेवणारे न्यायाधीश तुलिओ मानुएल कास्त्रो हिल 1985 मध्ये मारले गेले. पकडणाऱ्या त्या दोघांच्या खुनाबद्दल एस्कोबारच्या अटकेचं फर्मान काढणारे न्यायाधीश गुस्तावो सुलुआगा 1986 मध्ये मारले गेले. शेवटी कोलंबियाला न्यायाधीशांची ओळख लपवून खटले चालवावे लागले. अशा देशात ‘दोष सिद्ध झाला नाही’ हे वाक्य एकटं छापलं, तर ते निर्दोषत्वाच्या दाखल्यासारखं वाचलं जातं, आणि तसं वाचलं जावं हीच मारणाऱ्यांची इच्छा होती. न्यायाधीशांची नावं आणि सालं त्याच परिच्छेदात आली, की वाचकाला ‘कथित’ची कुबडी लागत नाही.

दुसरी वाट म्हणजे इतरांवरचे निकाल. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार लुइस कार्लोस गालान यांना 18 ऑगस्ट 1989 रोजी सोआचामध्ये प्रचारसभेत गोळ्या घातल्या. या खुनासाठी एस्कोबारवर निकाल नाही, पण इतरांवरचे निकाल वाचले की त्याचा हात स्पष्ट दिसतो. मात्र ते शेवटपर्यंत वाचावे लागतात. गालान यांचे राजकीय विरोधक, माजी कायदामंत्री अल्बेर्तो सान्तोफिमियो यांनी एस्कोबारला या खुनासाठी चिथावलं असा आरोप होता. 2007 मध्ये ते दोषी ठरले, 2008 मध्ये वरच्या न्यायालयातून सुटले आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची 24 वर्षांची शिक्षा कायम केली. म्हणजे 2009 मधला लेख समोर ठेवून लिहिणारा त्यांना निर्दोष लिहील आणि त्या दिवसापुरतं ते बरोबरही असेल. त्याहून चक्रावणारं प्रकरण मिगेल मासा मार्केस यांचं. ते तेव्हाच्या गुप्तचर खात्याचे प्रमुख. डिसेंबर 1989 मध्ये त्यांना मारण्यासाठी त्यांच्या मुख्यालयासमोर प्रचंड स्फोट घडवला गेला. कितीतरी वर्षं ते एस्कोबारविरुद्धच्या लढाईतले नायक होते. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच मासांना गालान यांच्या खुनात दोषी धरून 30 वर्षांची शिक्षा दिली: गालान यांची सुरक्षा त्यांच्या खात्याने जाणूनबुजून कमकुवत केली होती.

सान्तोफिमियोंविरुद्धचा मुख्य साक्षीदार होता एस्कोबारचा मारेकरी ‘पोपाय’. सर्वोच्च न्यायालयाने या मुद्द्यावर त्याची साक्ष इतर पुराव्यांशी ताडून ग्राह्य धरली. पुढे 2014 मध्ये सुटल्यावर हाच पोपाय यूट्यूबवर आपल्या हातून झालेल्या शेकडो खुनांचे आकडे सांगत बसला. ते आकडे कुणीही तपासलेले नाहीत आणि जितके वाढतील तितके प्रेक्षकही वाढत होते. माणूस एकच असला तरी त्याच्या या दोन बोलण्यांना एकाच ओळीत बसवू नये. एस्कोबारच्या भावाने सांगितलेला नोटा बांधायच्या रबरबँडांचा महिन्याचा खर्च किंवा उंदरांनी कुरतडलेला पैसा याच जातीचा: भाऊ म्हणतो, एवढंच म्हणून छापावं.

पैशाचंही तेच. ब्रुकलिनच्या न्यायालयाने गुझमानला 12.6 अब्ज डॉलर भरायचा आदेश दिला, म्हणून तो ‘12 अब्जांचा मालक’ होत नाही. पाठवलेल्या मालाचं वजन गुणिले बाजारभाव, असा तो हिशेब आहे. 2009 मध्ये ‘फोर्ब्स’ने त्याची मालमत्ता 1 अब्जाची धरली होती आणि तोही अंदाजच.

आपल्याकडे हा गोंधळ दाऊद इब्राहिमबाबत रोज होतो. अमेरिकेच्या अर्थखात्याने त्याला 2003 मध्ये जागतिक दहशतवादी आणि 2006 मध्ये अमली पदार्थांचा मोठा तस्कर म्हणून यादीत टाकलं. यादी खातं बनवतं, न्यायाधीश नव्हे. 12 मार्च 1993 च्या मुंबई स्फोटांच्या खटल्यात शंभर जण दोषी ठरले, दाऊद मात्र त्यात फरार आरोपी आहे. कट त्याने आणि टायगर मेमनने रचल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या निकालात नोंदवलं, पण त्या दोघांवरचा खटला अजून चालायचा आहे. म्हणून ‘दाऊद दोषी ठरला’ हे वाक्य चूक आणि ‘दाऊदवर नुसता संशय आहे’ हेही चूक.

काही गोष्टी मात्र आरोपात बसत नाहीत आणि निकालातही नाहीत. छपरावर एस्कोबारला गोळी कुणाची लागली? पोलिसांच्या शोधपथकाचे अधिकारी उगो आगिलार म्हणतात, आपली. ‘दोन बेर्ना’ हा टोळीवाला म्हणतो, आपल्या भावाची. एस्कोबारचा मुलगा म्हणतो, वडिलांनी स्वतःच झाडून घेतली. अधिकाऱ्याला नाव हवं होतं, टोळीवाल्याला दबदबा आणि मुलाला न हरलेला बाप. तिन्ही दावे सांगणाऱ्याच्या नावासकट लिहावेत आणि स्वतःचा कौल देऊ नये.