एक ९.५ डिस्कचं, एक ९.५ कॅडीचं

नेरुळचा माझा भाचा गेल्या पावसाळ्यात जुना लॅपटॉप घेऊन ठाण्याला आमच्याकडे आला. मूळ जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवायची, डीव्हीडी ड्राइव्ह काढायचा आणि त्या रिकाम्या खणात जुनी हार्ड डिस्क ठेवायची, असा त्याचा बेत. त्यासाठी लागणारी कॅडी, म्हणजे ड्राइव्हच्या जागी बसणारी डिस्कची चौकट, त्याने ऑनलाइन मागवली होती. ती खणात सहज सरकली, पण वरखाली डुगडुगत राहिली. हाताने दाबून धरली की लॅपटॉपला डिस्क दिसायची, हात काढला की गायब.

"मामा, मी नीट बघून घेतलीये. डिस्क ९.५ मिमी आहे, म्हणून ९.५चीच कॅडी मागवली," तो म्हणाला.

त्याने बघितलेला आकडा खरा होता, पण तो दुसऱ्याच वस्तूचा होता. ही चूक इतक्या सहज होते आणि तिच्यापायी चांगल्या लॅपटॉपांची दुरुस्ती इतक्या वेळा अर्ध्यावर सुटते, की ती सविस्तर मांडायलाच हवी.

डीव्हीडीच्या खणात दुसरं काही बसवायचं म्हटलं की ९.५ हा आकडा दोन ठिकाणी भेटतो. एक ९.५ हार्ड डिस्कची जाडी सांगतो. लॅपटॉपची २.५ इंची डिस्क सुमारे ७० मिमी रुंद आणि १०० मिमी लांब असते. ही दोन्ही मापं ठरलेली आहेत, बदलते ती जाडी. जुन्या लॅपटॉपांतल्या बहुतेक डिस्क ९.५ मिमीच्या असत, पुढे ७ मिमीच्या आल्या, आणि २.५ इंची एसएसडी तर जवळजवळ सगळ्याच ७ मिमीच्या.

दुसरा ९.५ डीव्हीडी ड्राइव्हची जाडी सांगतो. लॅपटॉपचे ड्राइव्ह मुख्यतः दोन जाडींत आले: १२.७ मिमी, म्हणजे बरोबर अर्धा इंच, आणि त्याहून पातळ ९.५ मिमी. शेवटी शेवटी ९ मिमीचेही निघाले. कॅडी म्हणजे या ड्राइव्हच्या आकाराचा पोकळ सांगाडा. बाहेरून तो ड्राइव्हसारखा, आतून डिस्क धरणारा. कॅडीवर लिहिलेला आकडा बाहेरच्या अंगाचा असतो. कपाटाला नवा खण करायचा तर सुतार कपाटाचं तोंड मोजतो, खणात ठेवायच्या साड्या मोजत नाही.

भाच्याच्या लॅपटॉपातला ड्राइव्ह १२.७चा होता. त्याच्या ९.५च्या डिस्कला १२.७चीच कॅडी लागणार होती. ९.५ची कॅडी त्या खणात टाकली की ३.२ मिमीची पोकळी उरते, मागची पट्टी आणि स्क्रूची भोकं जुळत नाहीत, आणि सगळा भार एकट्या कनेक्टरवर येतो. कागदाची घडी घालून ती घट्ट करणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका. कनेक्टर मदरबोर्डला जोडलेला असतो, तो सैल झाला तर खणाचा काहीच उपयोग उरत नाही. उलटी चूक निदान लगेच कळते, कारण १२.७ची कॅडी ९.५च्या खणात शिरतच नाही.

डिस्कची जाडी अगदीच बिनमहत्त्वाची असते असं नाही. १२.७च्या कॅडीत ७ आणि ९.५ दोन्ही डिस्क बसतात. ९.५च्या कॅडीत ७ची आरामात बसते, पण ९.५ची बसवायची तर कॅडीला वरखाली पत्रा असून चालत नाही, ती उघड्या चौकटीची लागते. म्हणून आधी ड्राइव्ह मोजायचा आणि डिस्क त्यानंतर.

ऑनलाइन विक्रीच्या पानांवर हे दोन्ही आकडे एकाच ओळीत येतात आणि घोळ आणखी वाढतो. १२.७ची कॅडी विकताना '९.५ मिमी हार्ड डिस्कसाठी' असंही शीर्षकात लिहिलेलं असतं, आणि शोधणाऱ्याला नेमका तोच आकडा दिसतो. 'युनिव्हर्सल' या शब्दाचा अर्थ पुष्कळ कंपन्यांच्या लॅपटॉपांना चालणारी एवढाच. कुठल्याही जाडीला चालणारी, असा तो होत नाही.

मोजायला व्हर्नियर कॅलिपर नसेल तर मी एक सोपी युक्ती सांगतो. घरात भावगीतांच्या किंवा आरत्यांच्या सीडीचा टणक प्लॅस्टिकचा डबा असतोच. तो साधारण १० मिमी जाड असतो. लॅपटॉप बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा, खालचा एक स्क्रू सोडवून ड्राइव्ह बाहेर ओढा (बऱ्याच मॉडेलांत एकच स्क्रू असतो आणि त्याच्याजवळ तबकडीचं चिन्ह असतं) आणि तो डब्याशेजारी टेबलावर ठेवा. डब्याहून स्पष्ट जाड दिसला तर १२.७, किंचित पातळ दिसला तर ९.५. पुढची प्लॅस्टिकची पट्टी सोडून धातूचं अंग बघायचं. ड्राइव्हवरचा मॉडेल क्रमांकही मदत करतो: हिटाची-एलजीच्या ड्राइव्हवर जीटीने सुरू होणारा क्रमांक असेल तर १२.७, जीयूने सुरू होणारा असेल तर ९.५. लॅपटॉपच्या वयावरून अंदाज बांधू नका. २००८ ते २०१२च्या अखंड ॲल्युमिनियमच्या मॅकबुक प्रोमध्ये ९.५चे ड्राइव्ह होते, आणि त्याच काळातल्या कितीतरी विंडोज लॅपटॉपांत १२.७चे.

ड्राइव्ह हातात आहे तोवर त्याची मागची बाजूही बघून घ्या. साटा (डिस्क आणि ड्राइव्ह जोडायची नेहमीची पद्धत) ड्राइव्ह असेल तर तिथे दोन सपाट जिभा दिसतात, ७ पिनांची डेटाची आणि ६ पिनांची विजेची. डिस्कची विजेची जीभ मात्र १५ पिनांची असते. कॅडीतली छोटी पट्टी या दोन्हींची गाठ घालून देते. त्या ६ पिनांतून फक्त ५ व्होल्ट येतात आणि २.५ इंची डिस्कला तेवढेच लागतात, म्हणून हा सगळा खटाटोप जमतो. डेस्कटॉपच्या ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, त्यामुळे ती तार लांबवूनही इथे चालणार नाही. फारच जुन्या लॅपटॉपात ५० पिनांचा दाट कनेक्टर दिसला तर तो आयडीई, म्हणजे साटाच्या आधीच्या पद्धतीचा आहे. त्याची कॅडी वेगळी मिळते.

आता कुठली डिस्क कुठे? माझं मत ठाम आहे: एसएसडी मूळ जागी, हार्ड डिस्क कॅडीत. डीव्हीडीच्या पोर्टला वेगाची गरज नव्हती, म्हणून बऱ्याच लॅपटॉपांत तो हळू ठेवलेला असतो. इंटेलच्या २०११च्या ६ मालिकेतल्या चिपसेटांमध्ये (मदरबोर्डवरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपांमध्ये) सेकंदाला ६ गिगाबिटचे साटा पोर्ट जास्तीत जास्त दोन असत, बाकीचे ३ गिगाबिटचे. फिरत्या हार्ड डिस्कला ३ गिगाबिट पुरून उरतात, एसएसडीचा मात्र गळा आवळला जातो. शिवाय काही लॅपटॉप डीव्हीडीच्या खणातून विंडोज सुरूच करत नाहीत.

याच्या विरुद्ध जाणारा एक मुद्दा आहे आणि तो मी हलका मानत नाही. मूळ जागेत डिस्कला बऱ्याचदा रबराची गादी असते, कॅडीत ती नसते. भाचा रोज ट्रान्स-हार्बरने नेरुळहून ठाण्याला येतो. गर्दीच्या लोकलमध्ये लॅपटॉप नुसता स्लीपमध्ये टाकून पिशवीत ठेवला आणि धक्क्याने तो जागा झाला, तर फिरत्या डिस्कला हादरे बसतात. म्हणून त्याला सांगितलं, निघताना लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, आणि कॅडीतल्या डिस्कवर फक्त फोटो, गाणी आणि ज्याची दुसरी प्रत घरी आहे तेच ठेवायचं.

ड्राइव्हच्या पुढची प्लॅस्टिकची पट्टी क्लिपांवर असते. ती हलक्या हाताने काढून कॅडीला लावली की लॅपटॉप पूर्वीसारखाच दिसतो. मागची धातूची पट्टीही दोन बारीक स्क्रूंसकट कॅडीवर न्यायची, नाहीतर खालचा स्क्रू धरायला काही उरत नाही. डिस्क दिसली नाही तर कॅडीच्या कडेला अगदी लहान स्विच आहे का बघा. असला तर तो सरकवून पुन्हा लॅपटॉप सुरू करा.

काढलेला ड्राइव्ह फेकू नका. यूएसबीच्या बाह्य डब्यात घातला की तो कुठल्याही संगणकाला जोडता येतो. आणि तो डबाही १२.७ आणि ९.५ अशा दोन जाडींत मिळतो. भाच्याने तो मागवायच्या आधी फोन केला आणि पहिलं वाक्य म्हणाला, "मामा, ड्राइव्ह मोजलाय, १२.७."