अठराशे बहात्तरची पिढी आणि मिरजेचा परिसर

१८७२ साली जन्मलेल्यांत पहिलं नाव निघतं ते श्रीअरविंदांचं, १५ ऑगस्ट, कलकत्ता. पण त्याच महिन्याच्या १८ तारखेला कुरुंदवाडला विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले आणि २४ तारखेला मोडनिंबला नरसिंह चिंतामण केळकर. नोव्हेंबरात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, सांगलीत; आणि दूर उत्तरेत कैराण्याला गवई अब्दुल करीम खाँ, जे पुढे मिरजेचेच होऊन राहिले. केळकरांचंही शिक्षण सुरू झालं ते मिरजेत.

हा काही ग्रहयोग नव्हे. सांगली, मिरज, कुरुंदवाड ही पटवर्धनांची शेजारशेजारची संस्थानं. विष्णुदास भाव्यांचं नाटक १८४३ मध्ये सांगलीच्याच दरबारी उभं राहिलं होतं. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखा गवई होता, तंतुवाद्यं घडवणारे कारागीर होते. कीर्तनकाराच्या घरातला विष्णु पलुस्कर लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाल्यावर मिरजेला आला आणि बुवांपाशी गाणं शिकला. शाळा सुटली नसती तर कदाचित कुठेतरी कारकून झाला असता.

गंमत अशी, की संस्थानांच्या सावलीत वाढलेल्या या मंडळींनी पोट भरलं ते राजाच्या नव्हे, लोकांच्या पैशावर. पलुस्करांनी १८९६ मध्ये मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. फी आणि वर्गण्यांवर चालणारी शाळा; कुळ-घराणं न विचारता शिकवणारी. गवयाला समाजात मान मिळाला, त्याचं बरंचसं श्रेय या माणसाला. अब्दुल करीम खाँ बडोद्याची दरबारी नोकरी सोडून निघाले आणि त्यांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. १८९० च्या दशकात अरविंदही बडोदा सरकारच्याच नोकरीत होते. १९३७ मध्ये पाँडिचेरीला अरविंदांच्या आश्रमाकडे जाताना खाँसाहेब वाटेतच गेले. मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ गवई आजही हजेरी लावतात.

उरलेले दोघे टिळकांच्या ‘केसरी’त. खाडिलकरांकडे दुहेरी शस्त्र होतं, अग्रलेख आणि नाटक. ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. वर सगळं महाभारत, पण प्रेक्षकाला कीचकात व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसायला वेळ लागला नाही. सरकारलाही दिसला, आणि १९१० मध्ये बंदी आली. मग १९११ मध्ये ‘मानापमान’ आलं, बालगंधर्वांची भामिनी आली, आणि तिकीटबारीवर उड्या पडल्या. या संगीत नाटकांच्या लोकप्रियतेपुढे पत्रकार खाडिलकर झाकले गेले, हे मला थोडं अन्यायाचंच वाटतं.

केळकरांचा पिंड वेगळा: वकिली शिस्तीचा, तोलून लिहिणारा. टिळक मंडालेत असताना ‘केसरी’ची जबाबदारी आधी खाडिलकरांवर आणि मग केळकरांवर पडली. १९२० मध्ये टिळक गेले तशा दोघांच्या वाटा फुटल्या. गांधींचा असहकार केळकरांच्या पचनी पडला नाही. ते प्रतियोगी सहकारितेच्या, म्हणजे सरकार जसं वागेल तसं त्याच्याशी सहकार्य किंवा विरोध करण्याच्या, बाजूला गेले आणि ‘केसरी’ त्यांच्याकडे राहिला. खाडिलकर गांधींच्या बाजूने लिहू लागले, मुंबईला ‘लोकमान्य’चे संपादक झाले आणि १९२३ मध्ये त्यांनी स्वतःचं ‘नवाकाळ’ काढलं.