खिळा एकाचा, नाव दुसऱ्याचं

लग्नपत्रिकेच्या इंग्रजी मजकुरासाठी ‘जुन्या पुस्तकातल्यासारखी अक्षरं हवीत’ असं गिरगावातल्या डीटीपीवाल्याला सांगितलं, तर तो बहुधा ‘गॅरमाँड’ हा फॉन्ट लावून देतो. निवड चांगलीच असते. मात्र या नावामागे एक गफलत आहे.

गॅरमाँड ज्या अक्षरघराण्यातला, त्याला ओल्ड स्टाइल म्हणतात. त्याची सुरुवात व्हेनिसची. मुद्रक निकोला जेन्सनने १४७० मध्ये तिथे रोमन अक्षरांचे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) ओतले, तेव्हा डोळ्यांसमोर होतं ते रुंद टोकाच्या, तिरक्या धरलेल्या लेखणीचं हस्ताक्षर. म्हणून इंग्रजी ‘ओ’चा गोल सगळ्यात बारीक होतो तो वर मधोमध नव्हे, जरा डावीकडे. जाड-बारीक रेषांत फार फरक नाही, सेरिफ, म्हणजे रेषांच्या टोकांना असलेल्या छोट्या आडव्या रेघा, दांड्यात वळून मिसळतात, आकडेसुद्धा ओळीत वर-खाली डोलतात. तीनशे पानांची कादंबरी या अक्षरांत डोळ्यांना टोचत नाही. तक्त्यात किंवा पावतीवर मात्र ते डोलणारे आकडे नकोत. (आपल्या बोरूचं टोक उलट्या बाजूने तिरकं कापतात, म्हणून देवनागरीचा जाडपणा नेमका उलट कलतो.)

व्हेनिसमध्येच आल्दुस मानुत्सिओ या प्रकाशकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो याने कापलेली (खिळ्यांच्या साच्यासाठी पोलादात कोरलेली) अक्षरं १४९६ मध्ये पिएत्रो बेम्बो याच्या छोट्या पुस्तकात उतरली. मोनोटाइप या टाइप बनवणाऱ्या कंपनीने १९२९ मध्ये त्यांना नवा जन्म दिला आणि नाव ठेवलं ‘बेम्बो’. म्हणजे लेखकाचं. कापणारा बाजूलाच.

क्लोद गॅरमाँ हा सोळाव्या शतकातला पॅरिसचा कारागीर. तो १५६१ मध्ये वारला. विसाव्या शतकात त्याच्या नावाने जे फॉन्ट निघाले, त्यांतल्या अनेकांचा नमुना फ्रान्सच्या सरकारी छापखान्यातल्या खिळ्यांचा होता. ते खिळे गॅरमाँचे नव्हते, तर झाँ जॅनाँ याचे, त्याच्यानंतर साठेक वर्षांनी कापलेले. ही चूक १९२६ मध्ये टाइपच्या अभ्यासक बिअॅट्रिस वॉर्ड यांनी उघड केली, तीही पॉल बोजाँ या पुरुषी नावाने लिहून. मोनोटाइपने या ‘बोजाँ’ना नोकरी देऊ केली आणि समोर बाई उभी राहिली! मोनोटाइपचा १९२२ चा गॅरमाँडही जॅनाँवरच बेतलेला, आणि वर्डमध्ये वर्षानुवर्षं येणारा गॅरमाँड तोच.

आपल्याकडेही फार वेगळं घडलं नाही. जावजी दादाजी लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये खिळे घासायला लागले, १८६४ मध्ये त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. काळबादेवीच्या कोलभाट लेनमधून निघालेल्या संस्कृत ग्रंथांची देखणी, ठसठशीत अक्षरं म्हणजे ‘निर्णयसागर टाइप’, हे जुन्या वाचकांना माहीत असतं. त्या अक्षरांचे पोलादी पंच (खिळ्यांचे मूळ ठसे) कापायला जावजींच्या सोबतीला होते त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू. हे नाव मात्र छपाईच्या धंद्यातल्या माणसांनाही सहसा आठवत नाही.