एडिंबरामधील घोस्ट टूर

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा इथल्या जुन्या शहरात दिवस मावळल्यावर पायी केली जाणारी, भुताखेतांच्या आणि खूनखराब्याच्या गोष्टींची सहल. दहा-वीस जणांचा गट, पुढे काळा झगा घातलेला गाइड, हातात कंदील नाहीतर बॅटरी, एक ते दीड तासाचा वेळ आणि शेवटी बहुधा एखादा पब, असे तिचे ठरलेले रूप. किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा ‘रॉयल माइल’ हा रस्ता, त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेले चिंचोळे बोळ, साउथ ब्रिज या पुलाखालची तळघरे आणि ग्रेफ्रायर्स दफनभूमी एवढ्या टापूत यातल्या बहुतेक सहली होतात.

हा प्रकार मूळचा एडिंबराचा नाही. इंग्लंडमधील यॉर्क शहरात १९७३ साली सुरू झालेली सहल जगातली पहिली असल्याचे तिचे चालक सांगतात. एडिंबरात हे लोण १९८०च्या दशकात आले. इतिहासाच्या एका शिक्षकाने उभी केलेली ‘मर्कॅट टूर्स’ ही कंपनी १९८५ची. सेंट जाइल्स चर्चजवळच्या ज्या जुन्या बाजारस्तंभापाशी तिचे गट जमतात, त्याचेच नाव तिने घेतले. पुढे कंपन्या वाढल्या आणि आज ऑगस्टमधल्या कलामहोत्सवाच्या दिवसांत रॉयल माइलवर दर पन्नास पावलांना कोणीतरी झगेवाला पत्रके वाटताना भेटतो. मृत्यू, कैद, कत्तल यांच्या जागा पाहायला जाण्याच्या या ओढीला अभ्यासक ‘डार्क टुरिझम’ म्हणतात. ही संज्ञा १९९६ साली ग्लासगोतल्या दोन प्राध्यापकांनी रूढ केली.

एडिंबरालाच हे इतके मानवले याचे कारण भुतांत नाही, शहराच्या बांधणीत आहे. जुने शहर खडकाच्या एका अरुंद पाठीवर वसलेले. तटाबाहेर राहणे धोक्याचे, आत जागा नाही, म्हणून घरे वर चढत गेली. उताराकडून मोजले तर दहा-दहा मजल्यांच्या इमारती इथे सतराव्या शतकातच होत्या. दोन इमारतींमधल्या बोळाला इथे ‘क्लोज’ म्हणतात. काही क्लोज इतके अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती लागाव्यात. खिडकीतून घाण खाली फेकण्याआधी ‘गार्डी-लू’ अशी आरोळी ठोकायची पद्धत होती, आणि ती आरोळी मारून दाखवल्याशिवाय एकही गाइड पुढे सरकत नाही. १७६७ साली जेम्स क्रेग याच्या आराखड्यानुसार उत्तरेला ‘न्यू टाउन’ आखले गेले, पैसेवाले तिकडे निघून गेले, आणि जुन्या शहरात उरली ती गरिबी, दाटी आणि धूर. जुने आणि नवे अशी दोन्ही शहरे १९९५पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

खडकाच्या पाठीवरून दक्षिणेकडे जायला १७८८ साली साउथ ब्रिज खुला झाला. त्याला एकोणीस कमानी आहेत, पण डोळ्याला दिसते ती एकच, काउगेट रस्त्यावरची. बाकीच्या कमानी दोन्ही बाजूंना बांधलेल्या इमारतींमागे झाकल्या गेल्या आणि आतल्या पोकळीत मजले पाडून सुमारे एकशेवीस खोल्या काढण्यात आल्या. तिथे मोची, कटलरीवाले, दारूचे व्यापारी यांनी कारखाने आणि गोदामे थाटली. पुलाचा पृष्ठभाग पाण्याला नीट बंद केलेला नव्हता. पाऊस झिरपू लागला आणि काही वर्षांतच धंदेवाईक बाहेर पडले. त्यांच्या जागी आले ते ज्यांना दुसरीकडे कुठेच छप्पर नव्हते असे लोक. उजेड नाही, संडास नाही, हवा नाही. एकोणिसाव्या शतकात खोल्या दगडमातीने बुजवल्या गेल्या आणि विस्मृतीत गेल्या. १९८०च्या दशकात नॉरी रोवन या माजी रग्बीपटूला त्यांच्याकडे नेणारी वाट सापडली. नंतर राडारोडा उपसला तेव्हा आतून कालवांच्या शिंपल्यांचे ढीग, औषधाच्या बाटल्या, फुटकी ताटे आणि खेळणी निघाली. कालवे तेव्हा गरिबाचे अन्न होते. माझ्या मते या तळघरांतली सर्वांत बोलकी वस्तू हे शिंपले आहेत, पण सहलीत त्यांच्या वाट्याला अर्धे वाक्य येते आणि ‘मिस्टर बूट्स’ नावाच्या, बूट वाजवत फिरणाऱ्या भुताला पाच मिनिटे मिळतात.

पुलाबद्दल एक गोष्ट हमखास सांगतात. उद्घाटनाला पहिले पाऊल शहरातल्या एका वयोवृद्ध प्रतिष्ठित बाईंनी टाकायचे ठरले होते. त्या आधीच वारल्या. दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून त्यांची शवपेटीच पुलावरून नेली. आणि तेव्हापासून पूल शापित झाला. ही आख्यायिकाच. पण गोष्ट कुठे सांगितली जाते हे पाहण्यासारखे असते. गाइड ती पुलावर सांगत नाही. तो गटाला ब्लेअर स्ट्रीट किंवा निड्री स्ट्रीटच्या दारातून आत घेतो, ओल्या पायऱ्या उतरवतो, कमानीखाली सगळ्यांना भिंतीला पाठ लावून उभे करतो, आणि ‘आत्ता तुमच्या डोक्यावरून बस गेली’ असे सांगून मग शवपेटीची गोष्ट काढतो. वर खरेच रहदारी चालू असते. निड्री स्ट्रीटखालच्या एका खोलीत जमिनीवर दगडांचे कडे आहे. ते जुने नाही, अलीकडच्या काळात तिथे जमणाऱ्या चेटूकपंथी मंडळींनी मांडलेले आहे. तरी कड्याच्या आत पाय ठेवायला कोण तयार आहे असे विचारले की गट हमखास एक पाऊल मागे सरतो.

या धंद्याचे स्वतःचे कसब आहे. चांगला गाइड आवाज चढवत नाही, उतरवतो. मग मागचे लोक आपोआप पुढे सरकतात आणि गट दाटतो. सगळ्यात जास्त हसणाऱ्याला तो आधी हेरतो आणि त्यालाच रांगेत शेवटी ठेवतो. काही सहलींत अंधारातून अचानक उडी घेणारा एक नट ठरवलेला असतो, त्याला स्थानिक बोलीत ‘जंपर-ऊटर’ म्हणतात. इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्या कंपन्या हा प्रकार हलका मानतात. पोरासोरांच्या गटांना मात्र तोच हवा असतो. ऋतूचाही प्रश्न असतो. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आठच्या सहलीला रस्त्यावर लख्ख उजेड आणि भूत उघडे पडलेले. डिसेंबरात पावणेचारलाच अंधारते. बारा महिने भरवशाचा अंधार फक्त जमिनीखाली मिळतो, आणि तळघरांची किंमत त्यामुळेच वाढली.

जमिनीखालचे दुसरे ठिकाण म्हणजे मेरी किंग्ज क्लोज. कापडाचा व्यापार करणाऱ्या सतराव्या शतकातल्या एका विधवेचे नाव या बोळाला आहे. १७५३ पासून त्यावर रॉयल एक्स्चेंजची इमारत, म्हणजे आजची नगरपालिका, बांधली गेली. वरचे मजले पाडले आणि खालचे मजले पाया म्हणून तसेच ठेवले. शेवटचा रहिवासी, करवती बनवणारा एक कारागीर, १९०२ साली बाहेर पडला. २००३ पासून ते तिकीट लावून दाखवतात. १६४५च्या प्लेगमध्ये रोग्यांना या बोळात कोंडून वर भिंत घातली आणि ते आत मेले, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि ती खोटी आहे. रोग्यांना शहराबाहेरच्या माळावर हलवले जाई. ज्यांना घरात बंद ठेवले त्यांना अन्न आणि कोळसा पोचवला जाई. चामड्याचा झगा आणि चोचीचा मुखवटा घालून गळवे कापणारा डॉक्टर जॉर्ज रे याला शहराने भरघोस पगार कबूल केला होता. तो जगला, आणि थकबाकीसाठी वर्षानुवर्षे भांडत राहिला. भिंतीच्या दंतकथेपेक्षा ही गोष्ट कितीतरी सरस आहे आणि आता बरेच गाइड तीच सांगू लागले आहेत. याच क्लोजमध्ये १९९२ साली मेलेल्यांशी संवाद साधत असल्याचे सांगणाऱ्या एका जपानी बाईंना अ‍ॅनी नावाच्या, बाहुली हरवलेल्या मुलीचे अस्तित्व जाणवले म्हणे. त्यांनी तिच्यासाठी बाहुली आणून ठेवली आणि तेव्हापासून तिथे खेळण्यांचा आणि नाण्यांचा ढीग साचत असतो. पैसे धर्मादाय कामाला जातात.

ग्रेफ्रायर्स दफनभूमीत मात्र भुताला इतिहासाची भरभक्कम पाठ आहे. राजाने चर्चवर लादलेल्या बदलांविरुद्धच्या ‘नॅशनल कव्हेनंट’ या प्रतिज्ञापत्रावर १६३८ साली इथल्याच चर्चमध्ये सह्या सुरू झाल्या. जून १६७९ मध्ये बॉथवेल ब्रिगच्या लढाईत या कव्हेनंटर पंथीयांचा पराभव झाला आणि सुमारे बाराशे कैदी ग्रेफ्रायर्सला लागून असलेल्या उघड्या मैदानात आणून कोंडले गेले. महिनोन्‌महिने डोक्यावर छप्पर नाही, पोटाला नावापुरती भाकरी. राजनिष्ठेच्या बंधपत्रावर सही करणारे सुटले, काही मेले, काहींना फाशी झाली. उरलेल्या अडीचशेवर लोकांना अमेरिकेतल्या वसाहतींत पाठवण्यासाठी जहाजात भरले. ते जहाज डिसेंबरमध्ये ऑर्कनी बेटांपाशी फुटले आणि बहुतेक जण बुडाले. सहलीत ‘कव्हेनंटरांचा तुरुंग’ म्हणून कुलूपबंद फाटकामागची जी गल्ली दाखवतात ती त्या मैदानाचा एक तुकडाच आहे, आणि तिच्यातली थडगी नंतरची आहेत.

या पंथीयांवर खटले भरणारा लॉर्ड अ‍ॅडव्होकेट, म्हणजे राजाचा मुख्य सरकारी वकील, सर जॉर्ज मॅकेन्झी याला लोक ‘रक्तपिपासू मॅकेन्झी’ म्हणत. तो १६९१ साली वारला आणि आपल्या बळींपासून हाकेच्या अंतरावर, घुमटाच्या गोल थडग्यात विसावला. ‘हिंमत असेल तर बाहेर ये’ अशा अर्थाचे गाणे त्याच्या दाराशी म्हणून पळून जायचा खेळ शहरातली मुले पिढ्यान्‌पिढ्या खेळत आली. माणूस एकरंगी नव्हता: ज्या वकिली ग्रंथालयातून पुढे स्कॉटलंडचे राष्ट्रीय ग्रंथालय निर्माण झाले त्याची स्थापना त्याची, आणि चेटकिणींच्या खटल्यांत छळ करून काढलेल्या कबुलीजबाबांवर शंका घेणाराही तोच. सहलीत एवढे सांगायला वेळ नसतो.

१९९८ साली आसऱ्यासाठी एक बेघर माणूस या थडग्यात शिरला, खालच्या शवकक्षात पडला आणि घाबरून पळाला. त्यानंतर ओरखडे उठणे, भोवळ येणे, गार हवेचा झोत लागणे अशा तक्रारींची रीघ लागली. पालिकेने तुरुंगाची गल्ली बंद केली आणि पुढे एका सहल-चालकाला रात्री गट आत नेण्याची परवानगी दिली. गटाला जिथे भोवळ येते ते ‘ब्लॅक मॉसोलियम’ नावाचे थडग्याचे दालन या गल्लीत आहे. मॅकेन्झीचे थडगे बाहेर, वेगळे आहे. भुताने जागा का बदलली याचे उत्तर परवानगी कुठली मिळाली यात शोधावे, असे माझे मत. काही वर्षांनी दोन किशोरवयीन मुलांनी मॅकेन्झीच्या थडग्यात घुसून एका प्रेताचे मुंडके पळवले. थडग्याच्या विटंबनेच्या, क्वचितच वापरल्या जाणाऱ्या जुन्या गुन्ह्याखाली २००४ मध्ये ती दोषी ठरली.

लोकांना तळघरांत नेमके काय होते, याचा पद्धतशीर शोध २००१ साली मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन यांनी घेतला. साउथ ब्रिजखाली दोनशेहून अधिक स्वयंसेवकांना लहान गटांनी नेऊन एकेकट्याला एकेका खोलीत काही मिनिटे उभे केले. कुठली खोली ‘झपाटलेली’ मानतात हे त्यांना ठाऊक नव्हते. तरीही विचित्र अनुभव त्याच खोल्यांत जास्त नोंदले गेले, आणि त्यांचा संबंध खोलीची उंची-आकार, बाहेरचा उजेड अशा गोष्टींशी जुळला. म्हणजे अनुभव खोटे नव्हते. ते देणारी खोली होती, आत्मा नव्हे. गंमत अशी की सहल-चालकांनी हा निष्कर्ष नाकारला नाही. शास्त्रज्ञही इथे येऊन गेले, एवढे सांगायला तो त्यांना पुरला.

वरच्या टोकाला, किल्ल्यासमोरच्या पटांगणाच्या भिंतीत, चेटकिणी म्हणून जाळलेल्यांच्या स्मरणार्थ एक लहानसे कारंजे आहे. स्कॉटलंडमध्ये १५६३ ते १७३६ या काळात चेटूक हा देहदंडाचा गुन्हा होता; जवळपास चार हजार लोकांवर आरोप झाल्याची नोंद आहे आणि त्यांत बहुसंख्य बाया. ८ मार्च २०२२ रोजी तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारप्रमुख, निकोला स्टर्जन यांनी त्याबद्दल संसदेत औपचारिक माफी मागितली. हे कारंजे १८९४ साली करवून घेतले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी. जुन्या शहरातल्या पडक्या चाळी सरसकट न पाडता दुरुस्त करून राहत्या ठेवायच्या, हा त्यांचा आग्रह होता, आणि सहली आज ज्या बोळांतून हिंडतात त्यांतले काही त्यामुळे शाबूत राहिले. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, मालवणचे गो. स. घुर्ये त्यांचे विद्यार्थी.

सहलीला जाणाऱ्याने पकड असलेले बूट घालावेत. तळघरांतली जमीन खडबडीत आणि ओली असते आणि बऱ्याच ठिकाणी व्हीलचेअर जात नाही. लहान मुलांसाठी सौम्य, लवकरच्या सहली वेगळ्या असतात, तर रात्री उशिराच्या काही सहलींना वयाची अट आहे. ग्रेफ्रायर्सची दफनभूमी दिवसा सर्वांना मोकळी आहे, पण तुरुंगाच्या गल्लीचे फाटक एरवी कुलूपबंद असते.