विस्थापितांसाठी मच्छरदाण्या
युद्ध, पूर, दुष्काळ यामुळे घरदार सोडून छावणीत किंवा उघड्यावर राहणारे लोक, आणि जंगलात, सीमाभागात जिथे आरोग्य खात्याची गाडी पोचतच नाही तिथले लोक, यांना मलेरियापासून वाचवायला कीटकनाशक भारित मच्छरदाण्या वाटल्या जातात. मलेरिया पसरवणारी ॲनोफिलिस डासाची मादी मुख्यतः अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत चावते, म्हणून झोपेची जागा झाकली की बरंचसं काम होतं. जाळीच्या धाग्यातच डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन असलं औषध असतं, त्यावर बसलेला डास मरतो, आणि वस्तीतल्या बहुतेकांनी वापरली तर शेजारच्या बिनजाळीवाल्यालाही थोडा फायदा मिळतो.

छावणीला जागा मिळते ती बहुतेक वेळा कुणालाच नको असलेली, सखल, पाणी साचणारी, त्यात थंड डोंगराळ भागातून आलेल्यांच्या अंगात मलेरियाची प्रतिकारशक्ती नसते, मग मोठी माणसंही गंभीर आजारी पडतात. पाकिस्तानात 2022 च्या महापुरानंतर केसेस वर्षभरात अंदाजे 5 लाखांवरून 26 लाखांवर गेल्या.

हिशोब सोपा आहे, दोन माणसांमागे एक जाळी. (विषम संख्येची कुटुंबं असतात म्हणून खरेदी करताना 1.8 माणसांमागे एक धरतात.) पण यादी करेपर्यंत निम्मे लोक दुसरीकडे गेलेले असतात आणि नवीन आलेले असतात.

खरी अडचण टांगायची. चौकोनी मच्छरदाणीला चार कोपरे बांधायला भिंत किंवा खांब लागतात, तंबूत मधे एक काठी, वर ताडपत्री, खाली सहा जण आडवे झालेले आणि कोपऱ्यात चूल, बांधणार कुठे? एकाच हुकाला लटकणारी गोल जाळी त्यातल्या त्यात बरी. कागदावर 20 धुण्या आणि 3 वर्षं टिकते म्हणतात, पण धूर आणि ओढाताणीत ती आधीच फाटते. धुतल्यावर सावलीत वाळवायची, उन्हाने औषध उतरतं. काही जण जाळी विकतात किंवा मासे धरायला नेतात, त्यावरून नावं ठेवणं सोपं आहे, पण घरात धान्य नसेल तर विकणारच ना.

म्हणून लोक जसे झोपतात तसं औषध न्यायचं, हा उपाय जास्त शहाणपणाचा वाटतो. पाकिस्तानातल्या अफगाण निर्वासितांच्या छावण्यांत चादरी आणि पांघरुणांनाच परमेथ्रिन लावून पाहिलं, मलेरिया कमी झाला. सिएरा लिओनमधल्या निर्वासित छावण्यांत डास मारणारं औषध मिसळलेलं प्लास्टिक वापरलं, ते भिंती आणि छत दोन्हीकडे लावलं तिथे चांगला फरक पडला, नुसत्या छताला लावलं तिथे फारसा नाही. व्हिएतनाम, कंबोडियात जंगलात कामाला जाणाऱ्यांसाठी झोळीवर बसणाऱ्या जाळ्या निघाल्या.

आता बऱ्याच ठिकाणी डास जुन्या औषधाला दाद देत नाहीत, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये पीबीओवाल्या (हे रसायन डासाची औषध पचवायची ताकद मोडतं) आणि 2023 मध्ये क्लोरफेनापिर हे वेगळ्या प्रकारचं कीटकनाशक मिसळलेल्या जाळ्यांची शिफारस केली. शिवाय संध्याकाळी बाहेर बसलेल्याला चावणाऱ्या डासापुढे कुठलीच जाळी चालत नाही, त्यामुळे छावणीतच रॅपिड टेस्ट आणि गोळ्या ठेवाव्या लागतात.