हातावर टोचलेली ॲलर्जी टेस्ट आणि पाठीवर चिकटवलेली पॅच टेस्ट

जळगाव-धुळ्याकडे ‘ॲलर्जीची टेस्ट’ हा शब्द इतक्या सैलपणे वापरला जातो की त्या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या चाचण्या आहेत, हे रुग्णाला बहुधा कळतच नाही. बांधावरचे गाजर गवत उपटून ज्याच्या पापण्या, मान आणि कोपराच्या आतली कातडी महिनोन्महिने खाजते नि चिघळते, असा शेतकरी हातावर टोचून घेतो, अर्ध्या तासात ‘काही निघाले नाही’ असे ऐकतो आणि घरी येऊन पुन्हा नायट्याची ट्यूब लावू लागतो. ती चाचणी चुकलेली नसते. तिच्याकडून भलत्याच प्रश्नाचे उत्तर मागितलेले असते.

हातावर टोचतात ती प्रिक टेस्ट. परागकण, धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म किडे), अन्नपदार्थ यांच्या अर्कांचे थेंब हाताच्या आतल्या बाजूवर ठेवून प्रत्येकातून बारीक टोचणी मारतात आणि 15 ते 20 मिनिटांनी डास चावल्यासारखी गांधी उठली का ते पाहतात. तुलनेसाठी सलाइनचाही एक थेंब असतो, आणि त्या जागेपेक्षा किमान 3 मिलिमीटर मोठी गांधी आली तर निकाल पॉझिटिव्ह धरतात. शिंका, दमा, अंगावर पित्त उठणे अशा, आयजीई नावाच्या प्रतिपिंडांमुळे (शरीराने बाहेरच्या पदार्थाविरुद्ध तयार केलेल्या प्रथिनांमुळे) मिनिटांत होणाऱ्या ॲलर्जीसाठी ती योग्य आहे.

संपर्काने होणाऱ्या इसबात मात्र प्रतिपिंडांऐवजी टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, काम करतात. गाजर गवतातील पार्थेनिन, खोट्या दागिन्यांतील निकेल, सिमेंटमधील क्रोमेट, केसांच्या काळ्या रंगातील पीपीडी हे रसायन यांचे बारीक रेणू कातडीत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात, पूर्वी त्यांची ओळख झालेल्या टी-पेशी तिथे जमा होतात, आणि या सगळ्याला दीड-दोन दिवस लागतात. म्हणून पॅच टेस्टमध्ये टोचणे नाहीच: प्रमाणित मात्रेतील पदार्थ छोट्या चकत्यांमध्ये भरून पाठीच्या वरच्या भागावर 48 तास चिकटवून ठेवतात. योझेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञाने 1895 मध्ये पाऱ्याच्या ॲलर्जीसाठी हीच युक्ती मांडली होती. भारतात वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित संचात गाजर गवताचाही समावेश असतो, आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तीच त्यातली सर्वांत महत्त्वाची चकती म्हणावी लागेल.

दोन चाचण्यांमधला फरक एकाच वस्तूवर पाहायचा असेल तर रबरी हातमोजा घ्यावा. मोजा घालताच काही मिनिटांत हाताला गांधी उठत असतील, तर संशय रबराच्या चिकातील प्रथिनांवर जातो आणि प्रिक टेस्ट करावी लागते. अशा काही लोकांना केळे खाल्ल्यावरही तोंडाला खाज सुटते, हे रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात लक्षात ठेवण्याजोगे आहे. उलट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोटांना भेगा पडून पाणी सुटत असेल, तर दोष रबर पक्के करण्यासाठी घातलेल्या थायुरामसारख्या रसायनांचा असू शकतो, आणि तो पाठीवरच उमटतो.

तयारीही वेगळी. सेटिरिझिनसारख्या गोळ्या प्रिक टेस्टपूर्वी, डॉक्टरांना विचारून, काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. पॅच टेस्टला त्यांचा फारसा अडथळा होत नाही, पण पोटात घेतलेले किंवा पाठीला लावलेले स्टेरॉइड निकाल दाबून टाकू शकते. पाठ दोन दिवस भिजवता येत नाही आणि घामाने पट्ट्या सुटतात. त्यामुळे भुसावळचा पारा 45 अंशांकडे जातो त्या दिवसांत ही चाचणी ठरवणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही, हिवाळा बरा.

घरचे क्रीम, तेल, चपलेच्या रबराचा तुकडा डॉक्टरांकडे अवश्य न्यावा. मात्र कपड्यांचा साबण, कीटकनाशक किंवा बिबा स्वतःच पाठीला लावून पाहू नये, कारण बिब्ब्याचा चीक ॲलर्जी नसलेल्याचीही कातडी जाळतो आणि त्यातून निष्कर्ष काहीच निघत नाही. नुसत्या दाहामुळे आलेली लाली पट्टी काढल्यावर सहसा ओसरत जाते, खऱ्या ॲलर्जीची मात्र चौथ्या दिवसापर्यंत वाढून तिथे कठीणपणा आणि बारीक पुरळ येते. हा भेद एका तपासणीत कळत नाही. सोमवारी पट्ट्या लावल्या तर बुधवारी काढून पहिली तपासणी आणि शुक्रवारी दुसरी, अशा तीन खेपा होतात. धडगाव-अक्कलकुव्याहून एसटीने येणारा माणूस नेमकी शुक्रवारची खेप टाळतो, आणि निकाल ठरतो तो बहुतेक वेळा शुक्रवारीच.