टिंबामागच्या फायली

सातपूरच्या एका कारखान्याची वेबसाइट आम्ही जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवत होतो. कॉलेज रोडवरचं ऑफिस, रात्रीची वेळ. कॉपीच्या कमांडमध्ये फोल्डरच्या नावापुढे स्टार (*, म्हणजे 'आतलं सगळं') दिला आणि सगळं गेलं असं समजलो. मुख्य पान उघडलं, पण आतलं एकही पान सापडेना. दोन तास त्यात गेले. 'एलएस' ही फायलींची यादी दाखवणारी कमांड. शेवटी जुन्या सर्व्हरवर लपलेल्या फायलीही दाखवणारं 'एलएस मायनस ए' मारलं, तर यादीत वरच '.एचटीअ‍ॅक्सेस' बसलेली, म्हणजे आतल्या पानांचे पत्ते कसे उघडायचे याचे नियम असलेली फाइल. नाव टिंबाने सुरू होतं, म्हणून साध्या 'एलएस'ला ती दिसली नव्हती आणि स्टारनेही उचलली नव्हती.

या टिंबाचं मूळ अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मरे हिलला, बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत आहे. १९६९ मध्ये तिथे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सुरू झालं. पुढे डिरेक्टरीच्या (म्हणजे फोल्डरच्या) आत डिरेक्टरी अशी उतरंड आली, तेव्हा प्रत्येकीत दोन नोंदी असायच्या. एक टिंब म्हणजे ती स्वतः, दोन टिंबं म्हणजे तिच्या वरची. यादी मागितली की ही टिंबंही छापून येत. ती नकोत म्हणून युनिक्सचे कर्ते केन थॉम्प्सन किंवा डेनिस रिची, दोघांपैकी कुणीतरी 'एलएस'मध्ये छोटी तपासणी घातली: पहिलं अक्षर टिंब असेल तर ते नाव सोडून द्या. पुढे बेल लॅब्जमध्येच काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये ही हकीकत लिहिली. पूर्ण नाव तपासायला हवं होतं, असं त्यांचं मत. तसं न झाल्याने टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल यादीतून गळाली.

म्हणजे फायली लपवायच्या हा मूळ हेतूच नव्हता. नवीन मुलांना मी हे आवर्जून सांगतो, कारण पासवर्ड '.ईएनव्ही' या सेटिंग्जच्या फाइलमध्ये ठेवला की तो सुरक्षित झाला असं त्यांना वाटतं. टिंब म्हणजे कुलूप नव्हे. वाचायची परवानगी असलेला कुणीही ती फाइल उघडतो. डॉस-विंडोजची रीत निराळी. तिथे फाइलवर 'हिडन' अशी वेगळी खूण असते, नावाशी संबंध नाही.

प्रोग्रॅमरांनी मात्र ही पळवाट उचलली. '.प्रोफाइल', '.बॅशआरसी', '.एसएसएच', '.गिटकॉन्फिग' अशी सेटिंग्जची गर्दी होम डिरेक्टरीत, म्हणजे वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, झाली.

'एलएस'ला पुढे कॅपिटल ए हा पर्यायही आला. तो फक्त एक टिंब आणि दोन टिंबं वगळतो, बाकी सगळं दाखवतो. मरे हिलला मुळात वगळायचं होतं ते एवढंच. सर्व्हर हलवण्याआधी आम्ही आता तोच मारतो.